बाबांचा काचबिंदू ॲडव्हान्स्ड आहे, ओसीटी दोन वर्षं तसाच येतोय, तरी डॉक्टर दर चार महिन्यांनी फील्ड टेस्ट का सांगतात?

तुम्ही लिहिलंय की बाबांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू बराच पुढे गेलाय, ओसीटीचा ॲव्हरेज आकडा उजव्या डोळ्यात ५४ आणि डाव्यात ५२ असा दोन वर्षं जागचा हललेला नाही, चार्टवरची शेवटची ओळ ते अजून वाचतात आणि फील्ड टेस्टला (नजरेच्या कुठल्या भागात किती दिसतं ते ठिपके दाखवून तपासतात ती) मात्र जाम वैतागतात, मग ती बंद केली तर चालेल का. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, काचबिंदूच्या पेशंटच्या फील्ड टेस्ट घेणं हे माझं रोजचंच काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते. औषध बदलायचं की ऑपरेशन करायचं हे त्यांचे डॉक्टरच ठरवतील, पण ही टेस्ट प्लीज बंद करू नका.

ओसीटी मशीन डोळ्याच्या नसेभोवतीच्या तंतूंच्या थराची जाडी मोजतं. नॉर्मल डोळ्यात ती साधारण ९०-१०० मायक्रॉन असते. काचबिंदूत तंतू मरत जातात तसा आकडा उतरतो, पण तो शून्यापर्यंत कधीच जात नाही, कारण त्या थरात रक्तवाहिन्या असतात, आधार देणाऱ्या पेशी असतात, त्या तशाच राहतात आणि मशीन त्यांनाही जाडीत धरतं. म्हणून ५०-५५ च्या आसपास (मशीनप्रमाणे थोडं इकडेतिकडे) आकडा तळाला टेकतो आणि पुढे नजर कितीही कमी झाली तरी तो तिथेच दिसतो. बाबांचा आकडा नेमका त्या तळावर आहे. सगळा रिपोर्ट आधीच लाल आहे, तो अजून किती लाल होणार? त्यामुळे 'ओसीटी सेम आहे' या वाक्यावर या स्टेजला निश्चिंत होऊ नका. ओसीटीतच मॅक्युलाचा, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाचा वेगळा स्कॅन असतो, त्याचा तळ उशिरा लागतो, तो काढलाय का हे डॉक्टरांना विचारा, त्यातून अजून काही कळू शकतं.

चार्टचंही तेच. ती ओळ वाचायला अगदी मधली चिमूटभर नजर पुरते. आजूबाजूचं सगळं गेलेलं असताना ६/६ वाचणारे पेशंट मी नेहमी बघते आणि घरच्यांना वाटत असतं की नजर चांगली आहे.

म्हणून उरते फील्ड टेस्ट. आता त्यातही बघा, नेहमीची जी २४-२ टेस्ट असते ती ५४ ठिकाणी प्रकाशाचा ठिपका दाखवते, प्रत्येक ठिकाण ६ अंशांवर. पण मधल्या १० अंशांत त्यातले फक्त १२ येतात. बाबांकडे जी नजर शिल्लक आहे ती बहुतेक तिथेच आहे, आणि तिच्यावर लक्ष ठेवायला १२ ठिपके फार कमी पडतात. त्यासाठी १०-२ नावाची टेस्ट असते, तीत त्याच मधल्या भागात २-२ अंशांवर ६८ ठिपके असतात. वाचणं, माणसाचा चेहरा ओळखणं, ताटातलं दिसणं हे सगळं या भागावर चालतं. बाबांची १०-२ झालेली नसेल तर पुढच्या व्हिजिटला स्वतःहून विषय काढा. आणि नजर फारच कमी उरली असेल तर मोठा ठिपका, साइझ फाइव्ह म्हणतात त्याला, वापरता येतो, त्याचं क्षेत्रफळ नेहमीच्या ठिपक्याच्या १६ पट असतं.

दर चार महिन्यांनी का, तर खराब झालेल्या जागी उत्तरं खूप वरखाली होतात. एकाच ठिपक्याला आज १४ डेसिबल (किती मंद ठिपका दिसला त्याचं माप, जास्त म्हणजे चांगलं) येईल आणि पुढच्या वेळी ५, आणि डोळ्यात काहीच बदललेलं नसेल. म्हणून एका खराब रिपोर्टवरून घाबरायचं नाही आणि एका चांगल्यावरून खूशही व्हायचं नाही. फील्ड टेस्टच्या हम्फ्री मशीनचं सॉफ्टवेअरसुद्धा किमान तीन ठिकाणं लागोपाठ तीन टेस्टमध्ये ढासळलेली दिसली तरच 'वाढ होण्याची दाट शक्यता' असं छापतं. पहिल्या दोन वर्षांत सहा टेस्ट करा असं युरोपातल्या काचबिंदू तज्ज्ञांच्या गाइडलाइनमध्येही सांगितलंय, म्हणजे तुमच्या डॉक्टरांचे चार महिने त्याच हिशोबाचे आहेत. फक्त एक लक्षात ठेवा, एमडी हा आकडा (नॉर्मलच्या तुलनेत नजर सरासरी किती कमी आहे ते सांगणारा) उणे २० च्या खाली गेला की त्या सॉफ्टवेअरवर फार विसंबता येत नाही, मग डॉक्टरांना एकेक ठिपका जुन्या रिपोर्टशी ताडून बघावा लागतो. म्हणून जुने सगळे रिपोर्ट फाइलला लावून ठेवा आणि शक्यतो टेस्ट एकाच सेंटरला, त्याच मशीनवर करा. आणि मोतीबिंदू वाढत असेल तर त्यानेही एमडी खाली येतो, तो काचबिंदू वाढल्यासारखा वाटतो, तेही विचारून घ्या.

आता वैतागाबद्दल. ॲडव्हान्स्ड पेशंटला टेस्टमध्ये बराच वेळ काहीच दिसत नाही, नुसता अंधार, आणि कित्येक काका तेव्हा घाबरतात, आपण नापास होतोय असं वाटून न दिसताच बटण दाबत सुटतात. मग रिपोर्ट खऱ्यापेक्षा चांगला येतो आणि ही फसवी सुधारणा फार घातक असते, कारण तिच्यामागे खरी घसरण लपते. फॉल्स पॉझिटिव्ह, म्हणजे असं न दिसताच दाबलेलं बटण, १५ टक्क्यांच्या वर असतील तर तो रिपोर्ट मी तरी धरत नाही. बाबांना आधीच सांगून ठेवा की मशीन मुद्दामच इतके मंद ठिपके दाखवतं की चांगल्या डोळ्यालाही त्यातले बरेच दिसत नाहीत, न दिसणं ही चूक नाही. दमल्यावर बटण दाबून धरलं की टेस्ट थांबते, डोळे मिटून जरा विश्रांती घ्यायची, हे बऱ्याच जणांना कोणी सांगतच नाही. पापणी खाली येत असेल तर टेक्निशियनला मायक्रोपोर पट्टीने वर चिकटवायला सांगा, नाहीतर वरचा भाग उगाच काळा येतो. सकाळची वेळ घ्या, पोटात काहीतरी असू द्या, आणि बाहुली मोठी करायचे ड्रॉप्स टेस्टच्या आधी घालू देऊ नका.

डोळ्यातल्या प्रेशरचा विषय थोडक्यात. अमेरिकेतल्या एजीआयएस या मोठ्या अभ्यासात, त्याचा हा भाग २००० साली छापून आला, ज्यांचं प्रेशर प्रत्येक व्हिजिटला १८ च्या खाली राहिलं, सरासरी १२ च्या जरा वर, त्यांचं फील्ड सरासरीने बघता टिकून राहिलं. म्हणून ॲडव्हान्स्ड केसमध्ये १६-१७ आलं तरी डॉक्टर नाखूश असतात. पण क्लिनिकमधलं प्रेशर म्हणजे त्या एका वेळचं प्रेशर, आणि अनेक पेशंट ड्रॉप्स नीट घालतात ते फक्त व्हिजिटच्या आधीचे चार दिवस. बाबांचं तसं होत असेल तर डॉक्टरांना खरं सांगा, नाहीतर फील्ड घसरतंय आणि प्रेशर छान, असं कोडं पडून विनाकारण औषधं वाढतात. ड्रॉप्स नियमित असूनही फील्ड उतरत असेल तर ट्रॅबेक्युलेक्टमीचा, म्हणजे प्रेशर कमी करायच्या ऑपरेशनचा विषय निघेल. ब्रिटनमध्ये ४५३ ॲडव्हान्स्ड पेशंटवर अभ्यास झाला, त्यात दोन वर्षांनी ऑपरेशनवाल्यांचं प्रेशर सरासरी १२.४ आणि ड्रॉप्सवाल्यांचं १५.१ होतं. ऑपरेशनचं नाव काढलं म्हणून डॉक्टर बदलू नका, आधी फील्डचे रिपोर्ट समोर ठेवून शांतपणे बोला.

बाबा जिन्याची शेवटची पायरी चुकतात का, वाचताना ओळीची सुरुवात सापडत नाही का, दाराच्या चौकटीला खांदा लागतो का, हे तुम्हाला घरी दिसेल, ते व्हिजिटला सांगा. आणि फील्ड ४० अंशांच्या आत असेल तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ते अल्पदृष्टीत मोडतं, १० अंशांच्या आत असेल तर अंधत्वात, चार्ट कितीही वाचला तरी. सर्टिफिकेटसाठी फील्डचा रिपोर्ट उपयोगी पडतो, त्यासाठीही तो जपून ठेवा.