गजरा काढा, आलवण नेसवा

तुमच्या कादंबरीचं पहिलं प्रकरण वाचलं. १८६४ ची मुंबई, कापसाच्या तेजीत शून्यातून वर आलेला लबाड दलाल आणि करारी, सोवळी विधवा. मसाला झकास आहे! पण नायिका गजरा माळते तिथे मी अडखळलो. तुम्ही तिला ब्राह्मण घरातली केलीय. म्हणजे केशवपन, लाल आलवण (विधवेचं लुगडं), एकभुक्त (दिवसातून एकदाच जेवण). ओढ दाखवायचीय ना? डोक्यावरून घसरलेला पदर ती चटकन पुढे ओढते आणि तो नजर वळवत नाही, एवढं पुरे. (माझ्या पहिल्या कथेतल्या विधवेला मी कुंकू लावलं होतं. आजीने चष्मा काढून नुसतं बघितलं माझ्याकडे.)

दुसरं, तो तिच्या इस्टेटीसाठी मागे लागलाय हा संशय टिकत नाही. १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाहाला मान्यता दिली, पण लग्न केलं की पहिल्या नवऱ्याकडून वारशाने आलेल्या मालमत्तेवरचा हक्क जायचा. वर वाळीत पडणं आहेच. गमावणारी तीच.

आणि १८६५ त शेअरबाजार कोसळला. निदान तोवर तरी त्याला सज्जन करू नका, खोटं बोलू द्या.