मार्केटिंगवाल्याने जर्मनीत यावं का?

तू मला ताई म्हणालास, म्हणजे अरे-तुरे करायला मी मोकळी. तुझा प्रश्न थोडक्यात असा: वय ३१, पुणे विद्यापीठाची बी.ई., वर एका खासगी संस्थेचं पीजीडीएम, बाणेरच्या सॉफ्टवेअर कंपनीत सात वर्षं मार्केटिंग, आता मॅनेजर. कॉलेजचे दोन मित्र कोडिंगच्या जोरावर म्युनिकला पोचले, तर मीही शांसेनकार्टे (नोकरी शोधायला इथे येण्याचा परवाना) काढून येऊ का?

मी २०१८ मध्ये आले, तेही मार्केटिंगमध्येच. त्यामुळे पहिली गोष्ट ही सांगते की मित्रांचा हिशोब स्वतःला लावू नकोस. पायथनचा कोड हिंजवडीत चालतो तसाच म्युनिकमध्ये चालतो. आपलं काम गिऱ्हाइकाच्या मनातलं ओळखायचं, आणि इथलं गिऱ्हाईक मनातल्या मनातही जर्मनच बोलतं.

सरकारी कागदावरही हा फरक आहे. ब्लू कार्डासाठी, म्हणजे शिकलेल्या परदेशी माणसाच्या नोकरीच्या परवान्यासाठी, २०२५ मध्ये वर्षाला ४८,३०० युरो पगाराचा करार लागायचा. आयटीसारख्या टंचाईच्या व्यवसायांना मात्र साधारण ४३,७६० वर भागायचं. मार्केटिंग त्या यादीत नाही. म्हणजे त्या वर्षी ४५ हजारांची ऑफर आली असती तर मित्राचं काम झालं असतं, तुझं अडलं असतं.

शांसेनकार्टे जून २०२४ पासून सुरू झालं. पात्रतेचे सहा गुण जमले की नोकरी शोधायला एक वर्ष राहता येतं, आठवड्याला २० तास काम करता येतं. पण खर्चासाठी २०२५ च्या हिशोबाने महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३ हजारांहून जास्त, आधी दाखवावे लागतात. म्युनिकमध्ये तेवढ्यात भागत नाही, निम्म्याहून जास्त तर घरभाड्यातच जातात. मार्केटिंगच्या चांगल्या जागांना इथे मुलाखतीच्या चार-चार फेऱ्या होतात, आणि तोवर तू डिलिव्हरीची पिशवी पाठीला लावून सायकल मारत असशील. मला विचारशील तर ऑफर पुण्यात बसूनच मिळव.

अर्ज करताना पीजीडीएमच्या भरवशावर राहू नकोस. अनाबीन नावाची परदेशी पदव्यांची सरकारी यादी आहे, तिच्यात संस्थाही सापडावी लागते आणि पदवीचा प्रकारही. स्वायत्त संस्थांची पीजीडीएम तिथे अडकू शकते. तुझी बी.ई. पुढे कर. शंका असेल तर पदवीचं तुलनापत्र मागव. फी २०८ युरो, पण मन शांत राहतं.

आता माझी फजिती ऐक, कारण खरं उत्तर त्यातच आहे.

पहिली नोकरी कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. पगार ५४ हजार. तेव्हा ब्लू कार्डाची मर्यादा ५२ हजार होती, म्हणून थोडक्यात बचावले. तिसऱ्या आठवड्यात मी मोठ्या उत्साहाने बैठकीत मांडलं की चाळीस हजार ईमेल पत्त्यांची यादी विकत घेऊ आणि सोमवारी सकाळी मोहीम सोडू. पुण्यात आम्ही हे डोळे मिटून करायचो. खोलीत कोणी हसलं नाही, कोणी रागावलंही नाही. डेटा-संरक्षण बघणाऱ्या बाईंनी फक्त पेन खाली ठेवलं.

इथे अनुचित स्पर्धेविरुद्धचा कायदा आहे. त्याच्या कलम ७ प्रमाणे आधी स्पष्ट संमती घेतल्याशिवाय जाहिरातीचा ईमेल पाठवता येत नाही, कंपनीच्या पत्त्यावरसुद्धा नाही. जुन्या ग्राहकांसाठी थोडी सूट आहे, तीही अटींसकट. म्हणून समोरच्याने फॉर्म भरला तरी त्याला आधी खात्री करणारा मेल जातो, त्यातल्या दुव्यावर त्याने टिचकी मारली की मगच तो यादीत. चुकलास तर तुझा स्पर्धकच वकिलाकरवी नोटीस धाडतो, आणि वकिलाचा खर्च तुझ्या कंपनीच्या माथी. पुण्यात यादीच्या लांबीवर मोजली जाणारी माझी सगळी कारागिरी त्या एका कलमाने रद्दी केली.

पाचव्या महिन्यात मला काढलं. पहिले सहा महिने प्रोबेत्साइट, म्हणजे परीक्षेचा काळ, त्यात दोन आठवड्यांच्या नोटिसीवर घरी बसवतात. कारण दिलं ते इतकंच: 'जमलं नाही.' बेकारभत्ता मागावा तर बारा महिन्यांचा भरणा झालेला नव्हता. नोकरी सुटल्याचं व्हिसाच्या कचेरीला कळवणं वेगळंच.

निघताना जे प्रमाणपत्र मिळालं त्यात लिहिलं होतं की नेमून दिलेली कामं करण्याचा मी सदैव प्रयत्न केला. मी खूश. आईला फोन करून वाचूनही दाखवलं. मग शेजारच्या आजींनी चष्मा लावून तो कागद पाहिला, 'बेम्यूट' ('प्रयत्न केला') या शब्दावर बोट ठेवलं आणि मान हलवली. इथल्या प्रमाणपत्रांची एक गुप्त भाषा असते. 'सदैव पूर्णतम समाधान होईल असं काम केलं' म्हणजे पहिला वर्ग. 'पूर्णतम' ऐवजी 'पूर्ण' आलं की दुसरा. 'प्रयत्न केला' म्हणजे नापास. आपल्याकडे रिलिव्हिंग लेटर फाइलला लावून विसरतात. इथे पुढचा मालक त्यातला शब्दन् शब्द वाचतो.

दुसरी नोकरी मिळाली ती चाकणमुळे! गंमत नाही करत. पुण्यात असताना आमचे ग्राहक चाकण-रांजणगावचे वाहन-सुटे भाग बनवणारे होते. लाइन बंद पडली की पाळीचा सुपरवायझर काय करतो, वहीत काय लिहितो, कोणाला फोन लावतो, हे मी शॉपफ्लोअरवर उभं राहून पाहिलं होतं. नव्या कंपनीला भारतात सॉफ्टवेअर विकायचं होतं, आणि त्यांच्या टेबलावर हे माहीत असलेलं कोणीच नव्हतं. मुलाखतीत माझ्या मोहिमांबद्दल दहा मिनिटं विचारलं, त्या वहीबद्दल पाऊण तास.

म्हणून तुला सांगते, 'जर्मन बाजारासाठी मार्केटिंग' अशा जाहिरातींवर वेळ घालवू नकोस, तिथे हॅम्बुर्गच्या पोरीपुढे तू टिकणार नाहीस. प्रॉडक्ट मार्केटिंग बघ, जिथे इंजिनिअरचं बोलणं समजून ते ग्राहकाच्या भाषेत उतरवायचं असतं. तुझी बी.ई. तिथेच कामाला येते. आणि भारतात विकणाऱ्या किंवा विकू पाहणाऱ्या कंपन्या शोध. हानोफर मेसेला, म्हणजे इथल्या मोठ्या औद्योगिक प्रदर्शनाला, स्टॉल लावणाऱ्यांची यादी काढ आणि त्यातल्या किती जणांचं पुण्यात ऑफिस आहे ते बघ. ती तुझी यादी (ही विकत घ्यावी लागत नाही).

जर्मनबद्दल सगळे 'ऑफिसात इंग्रजी चालतं' म्हणतात. बैठकीत चालतं. निर्णय मात्र त्याआधी कॉफीच्या यंत्रापाशी जर्मनमध्ये झालेला असतो. बोट क्लब रोडच्या मॅक्समुल्लर भवनात नाव घाल आणि बी१ (भाषेची मधली पातळी; ए१ म्हणजे सगळ्यात पहिली) करूनच विमानात बस. त्याचा रोकडा फायदाही आहे: ब्लू कार्डावर कायम वास्तव्याचा परवाना बी१ असेल तर २१ महिन्यांत, नुसतं ए१ असेल तर २७.

पैशाचं म्हणशील तर ६० हजारांच्या पगारात एकट्या माणसाच्या हाती महिन्याला ३,१०० च्या आसपास पडतात. रुपयांत गुणून खूश होऊ नकोस.

पदाचा मोहही सोड. माझ्या पुण्यातल्या कार्डावर सीनिअर मॅनेजर होतं, इथे दोन वर्षं नुसती 'रेफेरेंटिन', म्हणजे हाताखाली कोणी नसलेली साधी कर्मचारी, होते. घरी ते कोणाला समजावता आलं नाही.

सीव्ही पाठव, बघते. फक्त त्याआधी 'लीड्स (संभाव्य ग्राहकांच्या चौकश्या) ३०० टक्के वाढवल्या' असलं काही लिहिलं असेल तर दुरुस्त कर. मलाही पहिल्याच मुलाखतीत समोरच्याने शांतपणे विचारलं होतं, 'किती होत्या, किती झाल्या?' चारच्या सोळा झाल्या होत्या.