कमर्शियल ड्रोनचं पहिलं काम घेण्याआधी
लग्नाच्या शूटिंगचं काम मिळालं, मनापासून आनंद झाला. पण अ‍ॅडव्हान्स घेण्याआधी कागद बघ. ड्रोन नियम 2021 केंद्राचे आहेत. पैसे घेऊन मायक्रो ड्रोन (250 ग्रॅमपेक्षा जास्त, 2 किलोपर्यंतचा) उडवायचा तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतंच, शिवाय यूआयएन (ड्रोनचा नोंदणी क्रमांक) आणि थर्ड पार्टी विमा.

राज्याचा संबंध वेगळ्याच जागी येतो. राज्य सरकार किंवा पोलीस एखादा भाग एका वेळी 96 तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन, म्हणजे ड्रोन उडवायला बंदी असलेला भाग, करू शकतात. म्हणून आदल्या रात्री ग्रीन (उड्डाणाला मोकळा) दिसलेला डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा सकाळी बॅटरी बसवण्याआधी पुन्हा उघडायचा. माझं एक काम यातच गेलं: नवरदेव घोड्यावर, वाजंत्री सुरू, आणि ड्रोन पेटीत. तेव्हापासून मी पोलीस ठाण्यात आधीच लेखी कळवतो आणि शिक्क्याची प्रत पेटीतच ठेवतो.