जमिनीखाली प्लेट फाटते तेव्हा… तुमच्या प्रश्नांची उत्तरं

प्रश्न (अमळनेर): भाऊ, जमीनना आतमा प्लेट फाटस म्हंजे नेमकं काय व्हस?

ताई, तुम्ही खापरावरचे मांडे करत असाल तर हे तुम्ही रोज बघता. मांडा हातावर फिरवत मोठा करताना लोंबती बाजू जड झाली की तो स्वतःच्याच वजनाने फाटतो. पृथ्वीचं वरचं कवच मोठमोठ्या दगडी तुकड्यांचं आहे, त्यांना प्लेट म्हणतात. समुद्राच्या तळाची प्लेट जुनी होते तशी थंड आणि जड होत जाते, शेजारच्या प्लेटखाली घुसते आणि वर्षाला काही सेंटीमीटर खाली उतरते. खालचं टोक वरच्या भागाला सतत ओढत असतं. मग तिच्या मागून खंडाचा जाड, हलका तुकडा आला की तो खाली जायला तयार नाही आणि खालचं टोक ओढायचं सोडत नाही, अशा वेळी मधेच तुटतं, आणि ती फाट हळूहळू बाजूला सरकत जाते. लाखो वर्षं चालणारं काम आहे हे.

प्रश्न (धुळे, बीएस्सीचा विद्यार्थी): म्हणजे त्या फटीतून लाव्हा वर येतो ना?

नाही रे. हा गैरसमज आधी काढून टाक, कारण सगळी गंमत इथंच आहे. खाली लाव्ह्याचा समुद्र वगैरे नाहीच. मॅन्टल, म्हणजे प्लेटखालचा जाड थर, घट्ट दगडच आहे, पण इतका तापलेला की लाखो वर्षांच्या हिशोबाने सावकाश वाहतो. प्लेट धडधाकट असते तिथे ती साधारण १०० किलोमीटर खोल गेली की तिच्यातलं पाणी वरच्या मॅन्टलमध्ये शिरतं, पाण्यामुळे दगड कमी तापमानाला वितळतो, अंदमानचा बॅरन आयलंड ज्वालामुखी असाच पेटलाय. प्लेट फाटली की वेगळंच होतं. खालचा गरम मॅन्टल त्या खिडकीतून वर सरकतो, वर आल्यावर त्याच्यावरचा दाब कमी होतो, आणि नुसता दाब कमी झाला म्हणूनच तो थोडा थोडा वितळायला लागतो, जास्तीची उष्णता कुणी द्यावी लागत नाही. सिसिलीतला एटना बघ. खाली जाणाऱ्या प्लेटच्या अगदी कडेला बसलाय, आणि त्याचा लाव्हा नेहमीच्या अशा ज्वालामुखींसारखा नाही, म्हणून तिथे प्लेटच्या कडेची फाट कारणीभूत आहे असं बरेच अभ्यासक मानतात. रशियाच्या कामचाटकातला क्ल्युचेव्स्कॉयपण पॅसिफिक प्लेट जिथे संपते त्याच कोपऱ्याजवळ आहे, उंची ४,७०० मीटरच्या वर!

प्रश्न (भुसावळ): एवढ्या खोलचं दिसतं कसं?

माठ घेताना टिचकी मारून आवाज ऐकतो ना, तसंच. भूकंपाच्या लाटा थंड प्लेटमधून जोरात जातात, गरम मॅन्टलमधून हळू. जगभरच्या नोंदी एकत्र लावल्या की प्लेटचं चित्र उभं राहतं, फाट असेल तिथे त्यात भोक दिसतं.

प्रश्न (चोपडा, केळी बागायतदार): आपल्या उनपदेवचं गरम पाणी ह्यातलंच का, आणि भीती आहे का?

नाही दादा, भीती ज्वालामुखीची अजिबात नाही. पाणी भेगांमधून खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि परत वर येतं, एवढंच. आपला काळा दगडपण प्लेट फाटून आलेला नाही, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, भारत तेव्हा रियुनियन बेटाच्या हॉटस्पॉटवरून, म्हणजे खालून गरम मॅन्टल सतत वर येतो अशा जागेवरून, सरकत होता, आणि तो हॉटस्पॉट हिंदी महासागरात आजही चालू आहे. धुळे-नंदुरबारकडे जाताना शेतांतून काळ्या दगडाच्या भिंतीसारख्या सरळ रांगा दिसतात, काही तर कित्येक किलोमीटर लांब. ते डाईक. तेव्हाचा लाव्हा जमिनीतल्या भेगांत शिरला आणि तिथेच गोठला, मग आजूबाजूचा दगड झिजून गेला आणि ह्या भिंती उभ्या राहिल्या. पुढच्या वेळी गाडी थांबवून हात लावून बघा.