न्वार बघताय? आधी उजेड बघा

न्वार म्हणजे गडद सावल्यांचे, फसत गेलेल्या माणसांचे जुने हॉलिवूड गुन्हेपट. त्यांची लांबलचक यादी करत बसू नका. १९४४चा ‘डबल इन्डेम्निटी’ लावा. गोळी लागलेला विमा एजंट रात्री ऑफिसात येतो आणि डिक्टाफोनसमोर, म्हणजे आवाज नोंदवणाऱ्या यंत्रासमोर, खुनाची कबुली देऊ लागतो. खुनी कोण, हे सुरुवातीलाच कळलं! मग उरतं ते एवढंच: हा माणूस फसला कसा? न्वारची खरी गंमत तिथे आहे.

दुसऱ्यांदा बघताना आवाज बंद ठेवा. छायाचित्रकार जॉन साइट्झ यांनी पट्ट्यांच्या पडद्यांतून उजेड आत सोडलाय. भिंतीवर, अंगावर गजांसारख्या सावल्या पडतात. पकडला जायच्या कितीतरी आधीच तो एजंट गजाआड दिसतो. उन्हात तरंगणारी धूळ दिसावी म्हणून त्यांनी ॲल्युमिनियमची भुकटी उडवली होती. समोरून येणारा, सावल्या फिक्या करणारा उजेड (फिल लाइट) कमी ठेवला की काळं असं गडद होतं.



आणि दिसला कृष्णधवल गुन्हेपट की म्हटलं न्वार, असं करू नका. हे नाव १९४६मध्ये फ्रेंच समीक्षकांनी चिकटवलं. हॉलिवूडवाले तेव्हा आपल्या या सिनेमांना मेलोड्रामाच म्हणत होते.