दम लागतो, तरीही चालायचे?

प्रश्न : माझ्या सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत. विडीला त्यांनी कधी हात लावला नाही. मात्र लग्नानंतरची तीस वर्षे त्यांनी चुलीपुढे फुंकणी घेऊन काढली. आता त्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार, झाल्याचे निदान आहे. फुफ्फुसे पूर्ववत होणार नाहीत, असे छातीच्या डॉक्टरांनी सांगितले आणि त्याच दमात आठवड्यातून तीनदा ‘पल्मनरी रिहॅब’च्या व्यायामाला यायलाही सांगितले. न्हाणीघरापर्यंत जाताना ज्यांना धाप लागते, त्यांना चालायला लावणे योग्य आहे का? आणि जो आजार बरा होत नाही, त्याच्यामागे डॉक्टर तरी कशासाठी लागतात?
– एक वाचक, वाई

उत्तर : आपली शंका रास्त आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी बहुतेक डॉक्टरांचेही मत असेच होते आणि अशा रुग्णाला पडून राहण्याचा सल्ला सर्रास दिला जाई. न्यूयॉर्कच्या ॲल्व्हन बॅरक यांनी १९५२ मध्येच व्यायामाने या रुग्णांची चालण्याची ताकद वाढते, असे नोंदवले होते. पण ती गोष्ट फारशी कोणी मनावर घेतली नाही. ज्यांनी घेतली, त्यांत अमेरिकेतील डेन्व्हरचे थॉमस पेटी (१९३२–२००९) यांचे नाव आधी घ्यावे लागेल.

समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवरच्या डेन्व्हर शहरात हवा विरळ असल्यामुळे अशा रुग्णांच्या रक्तातील ऑक्सिजन लवकर घसरतो. १९६० च्या दशकात पेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना द्रवरूप ऑक्सिजनचे खांद्याला अडकवता येणारे नळकांडे देऊन खाटेवरून उठवले आणि चालायला लावले. परिचारिका लुईस नेट यांच्यासह त्यांनी श्वासाचे तंत्र, व्यायाम, औषधे आणि घरच्यांचे शिक्षण एकत्र बांधणारा कार्यक्रम उभा केला. त्याचे निष्कर्ष १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. कोविडच्या काळात आपल्या कानांवर आलेल्या एआरडीएसचे (फुफ्फुसे अचानक निकामी होण्याच्या गंभीर अवस्थेचे) पहिले वर्णन करणाऱ्या १९६७ च्या लेखातही पेटी सहलेखक होते. अतिदक्षता विभागातले असे नाव गाठीशी असलेल्या माणसाने सीओपीडीच्या म्हाताऱ्यांना चालवण्यात हयात घालवावी, याचे मला आजही अप्रूप वाटते. डेन्व्हरसह सहा केंद्रांत २०३ रुग्णांवर झालेल्या आणि १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फक्त रात्री ऑक्सिजन घेणाऱ्यांमधील मृत्यूचे प्रमाण रात्रंदिवस जवळजवळ सतत घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट निघाले. आजार न हटवताही आयुष्य वाढवता येते, हे त्यातून दिसले. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला त्यात सापडते.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. डॉ. पेटी यांचे आडनाव मराठी कानाला ओळखीचे आहे आणि उपमाही तिथेच सापडते. बाजाच्या पेटीचा भाता पुरता मिटला नाही, तर तो नवी हवा घेणार कशी? सीओपीडीमध्ये अरुंद झालेल्या नळ्यांतून हवा पुरती बाहेर पडत नाही. माणूस घाईने श्वास घेऊ लागला की उरलेल्या हवेवर नवी हवा साठत जाते आणि छाती फुगलेलीच राहते. धाप लागते म्हणून तो हालचाल टाळतो. मग मांड्यांचे स्नायू रोडावतात, थोड्याशा श्रमानेही त्यांत आम्ल साचते, ते बाहेर टाकायला अधिक श्वास लागतो आणि धाप आणखी वाढते. व्यायामाने फुफ्फुसे सुधारत नाहीत, हे डॉक्टरांनी खरेच सांगितले. सुधारतात ते पाय, आणि मजबूत पायांना तेवढ्याच अंतरासाठी कमी श्वास पुरतो. वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात ६५ चाचण्या एकत्र तपासल्यावर हा लाभ इतका स्पष्ट दिसला की, नेहमीच्या उपचारांशी तुलना करणाऱ्या आणखी चाचण्यांची आता गरज नाही, असे ठरवून तो विषयच मिटवण्यात आला. तरीही आम्ही डॉक्टर इनहेलर दोन मिनिटांत लिहून देतो आणि व्यायाम लिहायचा विसरतो, ही आमची चूक आहे.

सासूबाईंना जरूर पाठवावे. आधी सहा मिनिटे चालवून, बोटाला ऑक्सिमीटर लावून त्यांची क्षमता मोजतील आणि त्या बेताने व्यायाम ठरवतील. छातीत दुखले किंवा भोवळ आली, तर त्यांनी तत्क्षणी थांबून सांगावे. ऑक्सिजन लागल्यास त्याचे प्रमाण घरच्या घरी वाढवू नये. चालताना नाकाने श्वास घेऊन, गरम चहावर फुंकर घालावी तसा ओठांचा चंबू करून त्याच्या दुप्पट वेळ तो सोडण्याची सवय मात्र आजपासूनच लावता येईल. हा कार्यक्रम साधारणतः सहा ते बारा आठवड्यांचा असतो आणि पुढे चालणे सोडले, तर कमावलेली ताकद काही महिन्यांत ओसरते, म्हणून घरातल्या कोणीतरी रोज त्यांच्यासोबत चालावे. परसात अंघोळीच्या पाण्यासाठी अजून लाकडांचा बंब पेटत असेल, तर ते काम आजच त्यांच्याकडून काढून घ्यावे आणि जमेल तितक्या लवकर तो बंबही बंद करावा.