मायएसक्यूएलचा बॅकअप घेताना ‘डिफायनर अस्तित्वात नाही’ अशी १४४९ एरर का येते?

पणजीच्या ऑफिसातला डेटाबेस फोंड्याच्या नव्या सर्व्हरवर नेल्यापासून रोज रात्री ही एरर येते, असं तुम्ही लिहिलंय. टेबलांतला डेटा शाबूत आहे. डेटाबेस आला, पण जुन्या सर्व्हरवरचे युजर तिथेच राहिले. प्रत्येक व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी), ट्रिगर (डेटा बदलला की आपोआप चालणारा कोड), प्रोसिजर (नावाने बोलवायचा साठवलेला कोड) आणि इव्हेंट (ठरल्या वेळी चालणारा कोड) यांच्यासोबत एका युजरचं नाव साठवलेलं असतं, तो डिफायनर. बॅकअप व्ह्यू वाचायला गेला की मायएसक्यूएल हा युजर शोधतं, आणि तो नव्या सर्व्हरवर नसला की १४४९ येते. हे नाव युजर आणि होस्ट मिळून बनतं. त्यामुळे लोकलहोस्टवरचा ‘अकाउंट्स’ आणि ऑफिसच्या आयपीवरचा ‘अकाउंट्स’ हे मायएसक्यूएलच्या लेखी दोन निराळे युजर, पासवर्ड एकच असला तरी.

फाइल तयार झाली म्हणजे बॅकअप झाला असं कृपया धरू नका. फाइलच्या शेवटी ‘डम्प कम्प्लिटेड’ ही ओळ नसेल, तर डम्प, म्हणजे बॅकअपची फाइल लिहिण्याचं काम, मध्येच तुटला आहे. चवथीला ऑफिस बंद असताना लॉग कोण बघणार? त्याआधीच हे निस्तरा. बॅकअपच्या कमांडला ‘फोर्स’ हा पर्याय लावून एरर दाबू नका, ज्या व्ह्यूवर एरर येते तो फाइलमध्ये धड उतरल्याची हमी राहत नाही. ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ या पर्यायाने टेबलं लॉक करणं टळतं, पण व्ह्यूचे कॉलम वाचताना पुन्हा १४४९ येते.

इन्फर्मेशन स्कीमा, म्हणजे सर्व्हरवर काय काय आहे याची नोंद ठेवणारा मायएसक्यूएलचा स्वतःचा डेटाबेस, त्यामधल्या व्ह्यूज, ट्रिगर्स, रूटीन्स (प्रोसिजर आणि फंक्शन) आणि इव्हेंट्स या चारही टेबलांत ‘डिफायनर’ कॉलम आहे. त्यातली वेगवेगळी नावं काढा आणि मायएसक्यूएल डेटाबेसच्या युजर टेबलाशी ताडून बघा. जे नाव तिथे नाही, तेच दुखणं.

माझ्या मते आधी तोच युजर, त्याच होस्टसह, ‘अकाउंट लॉक’ लावून तयार करावा. लॉक केलेल्या खात्याने लॉगिन होत नाही, पण डिफायनर म्हणून ते चालतं. त्याला व्ह्यूमागच्या टेबलांवर सिलेक्टचा हक्क द्या, नाहीतर १४४९ जाऊन १३५६, म्हणजे डिफायनरला हक्क नसल्याची एरर, येईल. ट्रिगर-प्रोसिजर असतील तर त्यांना लागणारे हक्कही द्या. मायएसक्यूएलच्या ८.०.२२ आवृत्तीपासून, आधीच डिफायनर म्हणून नोंदलेल्या नावाचा युजर बनवायला मायएसक्यूएल नकार देतं, म्हणून हे काम ८.० मध्ये ‘सेट युजर आयडी’ हक्क असलेल्या खात्यातून करा; ८.४ मध्ये तो हक्क काढून टाकलाय, तिथे ‘अलाउ नॉनएक्झिस्टंट डिफायनर’ हा हक्क लागतो. मग नकाराऐवजी नुसती वॉर्निंग मिळते.

डिफायनरच बदलायचा असेल, तर व्ह्यू ‘ऑल्टर’ने बदलतो, मात्र पूर्ण सिलेक्ट पुन्हा द्यावा लागतो. ट्रिगर आणि प्रोसिजर काढून नव्यानेच बनवावे लागतात.

आणि बॅकअपच्या कमांडमध्ये ‘रूटीन्स’ आणि ‘इव्हेंट्स’ हे पर्याय आहेत ना, तेही बघा. ट्रिगर आपोआप येतात, हे दोन येत नाहीत.